पाहुणीचे धावणे

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तीही माझ्यासारखीच मराठीची अध्यापिका, तीही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. तिला एका प्रबंधाच्या मौखिकीसाठी मुंबईला जायचे होते, मुक्काम दोन रात्रींचा. रक्तातली साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला रोज भरभर चालायला, जमल्यास थोडे धावायला सांगितले आहे. ‘तू मुंबईला गेलीस की धावतेस ना? मग एखादी चांगली, बघण्यासारखी जागा सांग,’ ती म्हणाली. मी चार नावे सांगितली: मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, वरळीचा समुद्रकिनारा, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. फोन ठेवल्यावर मात्र आपण चुकीच्या प्रश्नाचे उत्तर दिले, असे वाटत राहिले. बघण्यासारखी जागा कोणती, एवढाच तिचा प्रश्न नव्हता. आपल्याला कोणी बघत बसणार नाही अशी जागा कोणती, हे तिला विचारायचे होते. तिने ते विचारले नाही आणि मीही ते आपण होऊन सांगितले नाही. दोघींनीही आपापल्या वर्गांत स्त्रीवादी समीक्षा शिकवलेली आहे, हे येथे नमूद करून ठेवते.

‘प्रेक्षणीय’ हा शब्द आपण पर्यटनाच्या पुस्तिकांना कायमचा बहाल करून टाकला आहे. प्रेक्षणीय म्हणजे पाहण्याजोगे. या शब्दात पाहणारा कोण, हे सांगितलेले नसते. पण तो निवांत आहे, त्याला कोणी हटकत नाही आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही, हे सारे गृहीत असते. चाळिशी ओलांडलेली, अंगाने थोडी भरलेली, ट्रॅकपँट आणि सैल कुर्ता घातलेली एक बाई तालुक्याच्या गावच्या रस्त्याने धावू लागली की ही सारी व्यवस्था उलटते. डोंगर, तळे, देऊळ जागच्या जागी राहतात आणि प्रेक्षणीय होते ती बाई.

हा अनुभव ऐकीव नाही. आमच्या गावी क्रीडासंकुलाचे मैदान आहे, त्यावर मातीची चांगली धावपट्टी आहे. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले तेथे धावतात आणि मुलीही धावतात. त्या मुलींकडे कोणी फारसे बघत नाही. भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते, हे साऱ्या गावाला माहीत आहे. त्यांच्या धावण्याला कारण आहे, कारणापुढे नोकरी आहे, नोकरीपुढे घर आहे. मी त्या मैदानावर गेले तेव्हा माझ्यापाशी यातले काहीच नव्हते. चौथ्या दिवशी, मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दूधवाटप करून परतणाऱ्या एका गृहस्थांनी मोटारसायकल थांबवली आणि खऱ्या काळजीने विचारले, ‘मॅडम, काय झालं? कुणी मागं लागलंय का?’ त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी हसत म्हणाले, ‘काल आम्ही तुम्हाला पाहिलं बरं का.’ एका विद्यार्थिनीच्या आईने बाजारात भाजी घेताना माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. यातल्या कोणीही मला छळले नाही. सगळे माझ्या बऱ्याचेच बघत होते, आणि अडचण नेमकी त्या बघण्याची होती. दोन आठवड्यांनी मी मैदान सोडले व घराच्या गच्चीवर फेऱ्या मारू लागले.

दूधवाल्या गृहस्थांचा प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात राहिला, कारण तो भाषेच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता. आपल्या भाषेत बाईच्या वाट्याला धावण्याची कोणती क्रियापदे येतात ते पाहावे. मुलगी ‘पळाली’ म्हटले की पुढे कोणाबरोबर असा प्रश्न येतो. वाक्य तेवढ्याने पुरे होत नाही. बाईची ‘धावपळ’ होते, म्हणजे तिला स्वयंपाक, मुले आणि नोकरी एकाच तासात उरकायची असतात. ती कोणाच्या तरी मदतीला ‘धावून’ जाते. पुरुषही या सर्व अर्थांनी धावतो, पळतो. पण त्याला मैदानावर, तालमीच्या निमित्ताने, नुसते धावण्याचीही सोय भाषेने ठेवली आहे. कोणी मागे लागलेले नाही, पुढे कोणी बोलावत नाही आणि तरी एक बाई धावते आहे, या घटनेसाठी आमच्या गावच्या मराठीत वाक्य तयार नव्हते. दूधवाल्यांनी हाताशी होते ते वाक्य वापरले.

मुंबईतले माझे पहिले धावणे हे या पार्श्वभूमीवर मरीन ड्राइव्हवर घडले. एका चर्चासत्रासाठी फोर्टमधल्या एका अतिथिगृहात उतरले होते. पहाटे साडेपाचला बाहेर पडले आणि ओव्हल मैदान ओलांडून समुद्रावर गेले. ओव्हलच्या एका बाजूला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय यांच्या गॉथिक इमारती व दुसऱ्या बाजूला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती आहेत. मुंबईतल्या या दोन शैलींच्या वास्तुसमूहाला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, हे वाचलेले होते. त्या दिवशी मात्र मी त्यांच्याकडे धड पाहिलेही नाही. आपल्याकडे कोण पाहते आहे, एवढेच मी पाहत होते.

आणि कोणीही पाहत नव्हते. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या टोकापर्यंत साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक असा तो कमानदार रस्ता. त्याच्या समुद्राकडच्या रुंद पदपथावर त्या वेळी शे-दोनशे माणसे तरी होती. कोणी धावत होते, कोणी हात हलवत उलटे चालत होते, एक वृद्ध पारशी जोडपे एका कुत्र्याशी गुजरातीत बोलत होते, एक गृहस्थ समुद्राकडे तोंड करून मोठ्याने हसण्याचा व्यायाम करत होते. माझ्या वयाच्या दहा-बारा बाया धावत होत्या. एकीच्या अंगावर पंजाबी ड्रेस, एक चक्क साडीत, पायात मात्र पांढरे बूट. मी पहिला अर्धा किलोमीटर अंग चोरून धावले. मग कधीतरी खांदे आपोआप खाली आले. खांदे खाली आल्यावरच समुद्र दिसला.

हे वाक्य मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. जिला आपण दिसतो आहोत याचे भान सतत सांभाळावे लागते, तिची नजर स्वतःभोवती गुंतून पडते. दूरचे पाहायला ती शिल्लक राहत नाही. मरीन ड्राइव्ह सुंदर आहे यात वाद नाही. किनारा पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य इमारतींच्या मागून वर येतो आणि पदपथावर बराच वेळ सावली राहते. उन्हाचा पहिला पट्टा पलीकडे मलबार हिलवर पडतो आणि पाणी राखाडीचे हळूहळू हिरवे होते. वाटेत एका ओळीत जिमखाने लागतात: पोलिसांचा, मुसलमानांचा, हिंदूंचा, पारशांचा. एका काळी या शहराने खेळसुद्धा जमातवार वाटून कसा घेतला होता, हे तेथे एका दमात वाचता येते. चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे, १९२० साली त्यांच्यावर जेथे अंत्यसंस्कार झाले तेथे. आणि समोर १८३२ सालापासूनचा वारसा सांगणारे विल्सन महाविद्यालय. अध्यापकाला पुरून उरेल इतका इतिहास या पदपथावर आहे. पण तो मला दिसू लागला तो परतीच्या वाटेवर, चौथ्या-पाचव्या किलोमीटरला. जागेचे सौंदर्य आणि जागेतली निर्भयता या दोन गोष्टी मी तोपर्यंत वेगळ्या समजत आले होते.

येथे एका पुस्तकाची आठवण अपरिहार्य आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉइटर?’ हे २०११ सालचे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या रस्त्यांवरच्या स्त्रियांविषयी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शहरातल्या सार्वजनिक जागेत बाईला वावरता येते ते काहीतरी काम असल्याचा पुरावा अंगावर बाळगून. हातात पर्स, पिशवी किंवा मूल हवे, कानाला फोन हवा, चालीत घाई हवी. नुसते रेंगाळण्याचा, काही कारण नसताना उभे राहण्याचा हक्क तिला नाही आणि खरी लढाई त्या हक्कासाठी व्हायला हवी. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते पटले होते. धावू लागल्यावर ते मला टोचू लागले. माझे मुंबईतले धावणे हे स्वातंत्र्य आहे, की तो फक्त अधिक चांगला पुरावा आहे? पायात बूट, मनगटावर घड्याळ, कपाळावर घाम: ही बाई व्यायाम करते आहे, हे दुरून वाचता येते. घड्याळ काढून, चपला घालून, त्याच पदपथावर त्याच वेळी मी नुसती उभी राहिले असते तर? एकदा मुद्दाम करून पाहिले. कठड्यावर पाय सोडून बसले, समुद्राकडे तोंड करून. वीस मिनिटांत दोघांनी वेळ विचारली, एका पोलीस शिपायाने ‘ताई, काही प्रॉब्लेम?’ म्हणून चौकशी केली. शिपाई सज्जन होता. आमच्या गावच्या दूधवाल्यांची आठवण झाली.

तेव्हा बूट हे पासपोर्टसारखे आहेत, हे मान्य करायला हवे. तरीही मी त्या पुस्तकाशी सर्वस्वी सहमत होऊ शकत नाही. रेंगाळणे हा हक्काचा अंतिम आकार आहे असे मानण्यात साहित्यातला एक जुना पूर्वग्रह शिरलेला आहे: शहर खरे कळते ते बसून पाहणाऱ्याला. बोदलेअर आणि बेंजामिन यांच्यामुळे रमतगमत भटकणारा पुरुष हा शहराचा आदर्श वाचक ठरला. आपल्याकडे अरुण कोलटकर वेसाइड इनच्या खिडकीशी बसून काळ्या घोड्याचा चौक वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि त्यातून उभी राहिलेली इंग्रजी कवितांची मालिका २००४ साली पुस्तकरूपाने आली. ते पाहणे थोर आहे. पण त्या टेबलाशी रोज एकटी बसणारी बाई कवी न ठरता त्या चौकातल्या दृश्याचाच भाग झाली असती. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) यांत बघ्याची ही निवांत जागा नाही. तेथे शरीर शहरात राबते, झिजते, भिडते. मराठीतल्या मुंबईचा तो मोठा ठेवा आहे. मात्र तेथेही शरीर धावते ते गाडी पकडायला, भूक भागवायला, मागे लागलेल्या कोणापासून तरी सुटायला. श्रमाने दमलेल्या शरीराची कविता आपल्याकडे उदंड आहे. हौसेने दमलेल्या शरीराला, विशेषतः बाईच्या, आपल्या साहित्याने अजून ओसरीवरच उभे केले आहे. ही तक्रार क्षुल्लक वाटेल. पण १८४८ साली पुण्यातल्या भिडेवाड्यातल्या शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंना अंगावर शेण झेलत चालावे लागले, दुसरे लुगडे जवळ बाळगावे लागले, ही कथा आपण दरवर्षी ३ जानेवारीला सांगतो. शाळेचा हक्क मिळाला, हे आपल्याला त्यातून कळते. रस्त्याचे काय झाले, हे आपण विचारत नाही.

आता मैत्रिणीला जे सांगायला हवे होते ते सांगते.

मुंबईतले माझे सर्वांत आवडते धावणे कोणत्याही पुस्तिकेत रम्य म्हणून सापडणार नाही. फोर्टातून निघून कुलाब्याच्या शहीद भगतसिंग मार्गाने सरळ दक्षिणेकडे, ससून डॉकच्या फाटकापर्यंत. १८७५ साली खुली झालेली ही गोदी आज मासळीचे मोठे बंदर आहे. पहाटे पाचला सारी मुंबई झोपलेली असताना तेथे भर दुपारची वर्दळ असते. बोटी लागलेल्या, बर्फाचे तुकडे रस्त्यावर पसरलेले, हातगाड्या, टोपल्या, लिलावाचा गलका, आणि वास. वास असा की धावणाऱ्याचा श्वास दोन पावले अडखळतो. आत धावता येत नाही, जमीन ओली असते. फाटकाशी थांबायचे आणि वळायचे. पण त्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मला जितके सुरक्षित वाटते तितके मुंबईत कोठेही वाटत नाही, कारण तो रस्ता त्या वेळी बायांचा असतो. कोळणी टोपल्या घेऊन येत असतात, जात असतात. कोळंबी सोलायला बसलेल्या बायांच्या रांगा असतात. त्यांच्यातली एखादी मान वर करून बघतेही. ते बघणे वेगळे असते. हात कामात असलेल्या माणसाची नजर तुमच्यावर पडते, तुम्हाला जोखते आणि पुन्हा कोळंबीवर जाते. एकदा एक आजी मला बघून शेजारणीला म्हणाल्या, ‘ही बग, रिकाम्या हातानं धावतंय.’ दोघी हसल्या. मीही हसले. इतकी नेमकी समीक्षा माझ्या एकाही शोधनिबंधाची झालेली नाही.

जेन जेकब्स यांनी १९६१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शहराचा रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या डोळ्यांमुळे, असे म्हटले आहे. ते खरे आहे, आणि आमच्या गावच्या डोळ्यांनी मला मैदानावरून घरी पाठवले हेही खरे आहे. डोळे कोणाचे आणि ते कशात गुंतलेले, यावर सगळे अवलंबून आहे. रिकामी नजर तुमच्यावर येऊन बसते आणि कामातली नजर तुम्हाला सोबत करते. पेपर लावणारी मुले, दुधाच्या पिशव्यांच्या टोपल्या उतरवणारे, दादरच्या फुलबाजाराकडे निघालेल्या बाया, झाडू मारणारे महापालिकेचे कामगार: धावण्याच्या वेळी यांचे असणे हीच माझ्या लेखी रस्त्याची खरी रोषणाई आहे.

म्हणूनच सागरी किनारी मार्गालगतच्या नव्या विहारपथाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. रस्ता २०२४ सालापासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि विहारपथाचा मोठा भाग २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी खुला झाला. समुद्र तेथे मरीन ड्राइव्हइतकाच जवळ आहे, फरसबंदी सपाट आहे आणि सलग अंतरही भरपूर मिळते. गुडघ्यांच्या दृष्टीने तक्रारीला जागा नाही. पण तेथे पोहोचायचे ते वाहनांच्या वेगवान रस्त्याखालच्या भुयारी मार्गातून. आणि वर आल्यावर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मोटारी. ना इमारतीची खिडकी, ना चहाची टपरी, ना शेंगदाणेवाला. माझ्या फेरीच्या वेळी, पहाटे, त्या भुयाराच्या तोंडाशी मी थांबले आणि कोणीतरी दुसरी बाई येईपर्यंत आत गेले नाही. ती आली तेव्हा तीही माझ्यासाठीच थांबल्यासारखी दिसली. आम्ही न बोलता एकत्र भुयार ओलांडले आणि पलीकडे गेल्यावर आपापल्या वेगाने सुटलो. नियोजनकारांनी दृश्य दिले आहे. पाहणारी तेथवर कशी येईल, याचा विचार बहुधा मोटारीतून केला असावा.

महालक्ष्मीचे रेसकोर्स, वांद्र्याचा कार्टर रोड, वरळीचा किनारा यांविषयी मला विशेष सांगण्यासारखे नाही. चांगल्या जागा आहेत. तेथे धावणाऱ्यांचे कपडे माझ्या पगाराच्या मानाने जरा महाग वाटतात, एवढेच.

शिवाजी पार्कची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या म्हणण्याला ती थोडी छेदही देते. मैदानाभोवतीच्या कट्ट्याला लागून एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर होते. झाडांची सावली आहे, मधल्या मैदानात पहाटेपासून क्रिकेटची जाळी लागलेली असतात. १९२५ च्या सुमारास महापालिकेने केलेल्या या मैदानाला १९२७ साली शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपासून दसऱ्याच्या मेळाव्यांपर्यंत मराठी राजकारणाचा बराचसा आवाज येथे घुमलेला आहे. मरीन ड्राइव्हवर मला कोणी पाहत नाही, कारण तेथे मी कोणाचीच नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मात्र माझी भाषा बसलेली असते. दुसऱ्याच फेरीला एक आजोबा म्हणाले, ‘बाई, टाच आधी टेकवू नका, गुडघे जातील.’ तिसऱ्या फेरीला त्यांच्या शेजारच्यांनी त्यांच्याशी मतभेद व्यक्त केला. चौथ्या फेरीपर्यंत माझ्या गुडघ्यांवर परिसंवाद भरला होता. आपल्या भाषेत शिरले की आपलेपणा मिळतो आणि त्याच्या मागोमाग आपली माणसेही येतात, बघायला.

याच फेरीत मागून हाक आली, ‘मॅडम! मॅडम, तुम्ही?’ बारा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी. आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातली, एम.ए.ला दलित आत्मकथने हा तिचा आवडीचा विषय होता. आता मुंबईत एका बँकेत आहे. माझी पहिली प्रतिक्रिया लाज ही होती. हात आपोआप नसलेल्या पदराकडे गेला. ती मात्र स्वतः घामाघूम होती, तिच्या छातीवर कसल्याशा शर्यतीचा बिल्ला छापलेला होता. आम्ही एक फेरी बरोबर धावलो. मी दमत होते आणि ती वेग कमी करत होती, मला कळू न देता. ती म्हणाली, ‘मी या मैदानावर पहिल्यांदा आले ना मॅडम, तेव्हा आठ वर्षांची होते. सहा डिसेंबरला. आजीच्या बरोबर. इथेच झोपलो होतो मंडपात.’

हे मला सुचायला हवे होते आणि सुचले नव्हते. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीला येणाऱ्या लाखो लोकांचा मुक्काम याच मैदानावर असतो. मराठवाड्यातून, विदर्भातून रेल्वेने येणाऱ्या त्या गर्दीत अर्ध्याअधिक बाया असतात. त्या रांगेत तासन्तास उभ्या राहतात, रात्री उघड्यावर निजतात, पहाटे समुद्र बघायला किनाऱ्यावर जातात, पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घेऊन जातात. या दिवशी येथे पुस्तकांची जेवढी विक्री होते, तेवढी आमच्या अनेक साहित्यसंमेलनांना हेवा वाटावा अशी आहे. शहराने त्यांना प्रेक्षणीय स्थळ म्हणून काही दिलेले नाही. उलट त्या दिवसांत हा परिसर कसा ‘गैरसोयीचा’ होतो, याची कुरकूर तेवढी ऐकू येते. त्या बाया मात्र मोठ्या शहरात, मोकळ्या जागेत, कोणाच्या परवानगीवाचून वावरतात, कारण त्या एकेकट्या नसतात. माझ्या विद्यार्थिनीने या मैदानात धावायला सुरुवात केली तेव्हा तिला ते परके वाटले नाही. ‘आजीचंच मैदान आहे,’ ती म्हणाली. मी मुंबईत अनोळखीपणाच्या आधाराने धावत होते आणि तिच्या पाठीशी आजी होती. कोणता आधार अधिक टिकाऊ, हे त्या फेरीत स्पष्ट झाले.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मी एकदाच गेले आहे, तीही चौघींबरोबर. एकटीने जाण्याची ती जागा नव्हे, बिबट्यांच्या दृष्टीनेही. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरांचा रस्ता झाडीतून वर चढत जातो. उद्यानात आदिवासींचे पाडे आहेत. आपल्याला जे जंगल आहे ते त्यांचे गाव आहे, हे धावताना विसरणे सोपे जाते. कान्हेरीला शंभरांहून अधिक लेणी आहेत आणि तेथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या नावांत भिक्षुणी आहेत, व्यापाऱ्यांच्या घरच्या बायाही आहेत. त्या डोंगरावर त्या कशा आल्या असतील, कोणाबरोबर, केवढ्या पहाटे, याचा शिलालेखात उल्लेख नसतो. दानाचा असतो.

‘एकटीने’ या शब्दाकडे पुन्हा यायला हवे. आषाढीच्या वारीत, ज्ञानेश्वरांची पालखी वेळापूरच्या अलीकडे पोहोचते तेव्हा ‘धावा’ होतो. येथून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्या उतारावर सगळे वारकरी धावतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही धावतात, लुगड्याचा काचा सावरत, साठी-सत्तरीच्या. ‘धावा’ म्हणजे धावणे आणि ‘धावा’ म्हणजे देवाला मारलेली हाकही. मराठीने हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले आहेत. त्या उतारावर कोणी कोणाला ‘काय झालं?’ असे विचारत नाही. माझी आई दोनदा तो धावा धावली आहे. तीच आई मी मैदानावर जाऊ लागले तेव्हा म्हणाली होती, ‘लोक काय म्हणतील?’ मी तिला वेळापूरची आठवण करून दिली. ‘ते वेगळं,’ ती म्हणाली. ते वेगळे आहेच, पण किती वेगळे, हे तिलाही नीट सांगता आले नाही.

आपल्याकडे धावणाऱ्या बायांचा गौरव होत नाही असे नाही. बारामतीच्या शर्यतीत २०१३ साली लुगडे नेसून, अनवाणी धावलेल्या आणि जिंकलेल्या लता करे यांच्यावर २०२० साली चित्रपट आला. नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी त्या धावल्या होत्या. माणदेशातल्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉन गाजवली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. दोघींविषयी मनात निखळ आदर आहे. पण एकीच्या धावण्यामागे आजारी नवरा होता आणि दुसरीच्या धावण्यापुढे देश होता. त्यामुळे दोघींची गोष्ट आपल्याला लगेच सांगता आली. माझ्या मैत्रिणीच्या धावण्यामागे फक्त तिची साखर आहे, आणि साखर उतरल्यावर, मला आशा आहे, तेही कारण उरणार नाही.

मौखिकी आटोपून ती परत आली. मरीन ड्राइव्हवर गेली होती. पहिल्या दिवशी चालली, दुसऱ्या दिवशी दिव्याच्या एका खांबापासून तिसऱ्यापर्यंत धावली. ससून डॉकला गेली नाही. ‘तू वासाचं सांगितलंस ना,’ म्हणाली. तिने बूट परतीच्या गाडीत वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवले, घरी आल्यावर कपाटावर. पुढच्या वेळी केव्हा जाणार असे विचारले, तर म्हणाली, विद्यापीठ प्रबंध पाठवील तेव्हा.

माझेही बूट सध्या कपाटावरच आहेत. गच्चीवर मी अनवाणीच असते. एका फेरीला पस्तीस पावले पडतात. पाण्याच्या टाकीशी वळताना शेजारच्या गच्चीवरच्या काकू दिसतात. त्याही अलीकडे, वाळवण राखण्याच्या निमित्ताने, फेऱ्या मारू लागल्या आहेत.